धुक्यातली पिपाणी

हे माझ्या बाबांच्या वाचनात आलं तर ते मला फोनवर निदान तासभर फैलावर घेतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. बाबा नागपूरला शाळामास्तर होते. रविवारी सायकलवर टांग टाकून आसपासच्या गावांत जायचे आणि लिंबातून रक्त कसं निघतं, नारळ आपोआप कसा पेटतो, हे लोकांना करून दाखवायचे. आमच्या घरात रोज बुद्धवंदना होते, पण भूत, करणी, अंगात येणं यांना उंबऱ्याच्या आत जागा नाही. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट. हाडं, स्नायू, सांधे... जे हाताला लागतं त्यावर माझा विश्वास. या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत चवीनं वाचले, आणि मनातल्या मनात प्रत्येकाला एकेक स्पष्टीकरण चिकटवून मोकळी झाले. आता पाळी माझी आहे.

सगळं नीट, क्रमानं सांगते. आम्ही शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलला राहतो — मी, नवरा मिलिंद आणि कॉलेजात जाणारी अस्मिता. आमच्यापासून तीन घरं सोडून जीन राहते. वय बहात्तर. तिनं आयुष्यभर शाळेची बस चालवली. नवरा फार पूर्वीच गेला, एकुलता एक मुलगा ब्रायन लांब अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये नोकरीला आहे. अस्मिता लहानपणापासून तिला जीनमावशी म्हणते. मी इथल्या रीतीप्रमाणे नुसतं जीन म्हणते. ती बोलते अर्थातच इंग्लिश, मी इथे तिचं बोलणं मराठीत मांडतेय.

तर या जीनची धाकटी बहीण रूथ. दोघी बहिणी चाळीस वर्षं एकत्र बदकांच्या शिकारीला जात. हो, बायका. सुरुवातीला नदीवरचे पुरुष हसायचे म्हणे. पुढे तेच पुरुष 'आज सिस्टर्स कुठे बसल्यात' हे पाहून आपली जागा ठरवायला लागले. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात रूथ आजारानं गेली. त्या वर्षीचा शिकारीचा सीझन जीननं घरातच काढला. हिवाळ्यात ती ड्राइव्हवेवरच्या बर्फावर पडली, खुबा मोडला, नवा बसवावा लागला, आणि व्यायामासाठी ती माझ्या क्लिनिकमध्ये आली.

आमच्या कामात पहिल्याच दिवशी पेशंटला विचारायचं असतं, बरं झाल्यावर तुम्हाला काय करता यायला हवंय? कुणी म्हणतं जिना चढायचाय, कुणी म्हणतं नातवाला उचलायचंय. जीन म्हणाली, "बोटीत पाय टाकता आला पाहिजे. आणि बोट हलत असते, हे लिहून घे."

मी लिहून घेतलं. जाड फोमच्या मऊ गादीवर तिला एका पायावर उभं करून आम्ही उन्हाळाभर बोटीत चढायची प्रॅक्टिस केली.

मधे आला ब्रायन. त्याचं म्हणणं — मॉम, बोट विकून टाक, घर विक, ख्रिसमसला मी येतो आणि तुला अ‍ॅशबर्नला घेऊन जातो. तो मुलगा वाईट नाही, काळजीपोटी बोलत होता. बरंच बोलणं झाल्यावर दोघांत तडजोड झाली. जीननं हा एक शेवटचा सीझन करायचा, पण एकटीनं जायचं नाही. मग बोट विकायची. जीन मला म्हणाली, "मला एवढंच बघायचंय, की रूथशिवाय ते पाणी मला सहन होतं का. नाही झालं, तर ब्रायनचं बरोबर आहे."

सोबत जायला कुणी नव्हतं. तिच्या वयाच्या मैत्रिणी एक तर फ्लोरिडात नाहीतर वॉकरवर. शेवटी मी म्हटलं, मी येते. म्हटलं आणि जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला.

आता पंचाईत अशी, की आम्ही पंचशील पाळणारी माणसं. मटण-चिकन खातो, सावजी रस्सा तर नाक गळेपर्यंत खातो, तो भाग वेगळा. पण दर रविवारी विहारात 'पाणातिपाता वेरमणी' म्हणायचं, म्हणजे प्राण्यांची हत्या करणार नाही, आणि शनिवारी पहाटे बंदुकीशेजारी जाऊन बसायचं, हे काही केल्या जुळेना. मिलिंदनं माझं नाव 'शीलवती शिकारीण' ठेवलं. अस्मिता म्हणाली, "आई, दॅट्स सो नॉट यू." मग मी माझ्यापुरता तोडगा काढला. जीनला सांगितलं, मी फक्त सोबत बसेन. बंदुकीला हात लावणार नाही. ती कशी भरतात, कशी चालते, तेही मला दाखवू नका. म्हणजे कसं, पाप शेजारच्या खुर्चीत राहील आणि मी माझ्या खुर्चीत.

जीन म्हणाली, "बरं, वैशाली. मग तू चहा आण."

त्या माझ्या शहाणपणाची किंमत पुढे येईलच.

इलिनॉय नदीच्या काठानं, आमच्यापासून दोन तासांवर, पिओरियाच्या अलीकडे नदीचं बॅकवॉटर आहे. मैलभर रुंद, उथळ, गढूळ पाणी, कडेनं विलोची झाडी. त्यात त्यांचं ब्लाइंड. ब्लाइंड म्हणजे आपल्याकडे शेतात राखणीला मचाण असतं ना, ते पाण्यात खांबांवर उभं करून गवता-फांद्यांनी झाकलेलं. आत एक लांब बाक, एक फळी, एक छोटा गॅसचा हीटर. समोर पाण्यात प्लास्टिकची खोटी बदकं सोडायची, आणि गळ्यात लाकडी पिपाणी अडकवून बदकासारखा आवाज काढायचा. या पिपाणीला 'कॉल' म्हणतात. वरून जाणारी खरी बदकं तो ऐकून खाली येतात.

माझी कल्पना, की शिकार म्हणजे धाडधाड गोळीबार. प्रत्यक्षात काय, तर अंधारात बसायचं. गप्प बसायचं. थंडीनं बोटं बधिर होतात, नाक लाल होतं, आणि हळूहळू पूर्वेला एक फिकट रेघ उमटते. मग पाणी दिसायला लागतं, मग झाडं, मग शेजारचीचा चेहरा. डोक्यावरून पंखांचा आवाज जातो, तो छातीत ऐकू येतो. चार-चार तासांत जीननं एकदाही बंदूक उचलली नाही, असेही दिवस गेले. एकदा मी विचारलं, मग येता कशाला? ती म्हणाली, "उडवणं म्हणजे दहा मिनिटांचं काम असतं. बाकी सगळा वेळ कुणाच्या तरी शेजारी बसण्याचा असतो. घरी असं कोण बसतं?"

मला ते पटलं. मी आणि मिलिंद वीस वर्षं एका घरात राहतोय, पण चार तास एकमेकांशेजारी, हातात फोन नाही, एकाच दिशेला बघत... लग्नाच्या स्टेजवर बसलो असू तेवढंच. तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून मी त्या शनिवारांची वाट बघायला लागले. जीन बाकाच्या डाव्या टोकाला, मी मध्ये. उजवं टोक रूथचं. तिथे जीन मला बसू द्यायची नाही, आणि रूथची बंदूक कव्हरसकट तिथे कोपऱ्यात उभी असायची. दर वेळी ती घरून आणायची आणि न वापरता परत न्यायची. जीनची काळी लॅब्रॅडोर, पर्ल, आमच्या पायांत.

मला कामाला लावायचं म्हणून जीननं एक नवा कॉल घेऊन दिला होता. मी गॅरेजमध्ये महिनाभर प्रॅक्टिस केली. शेजारच्या पटेलकाकूंनी मिलिंदला विचारलं, तुमच्याकडे कुणाला दमा आहे का. एकूण काय, माझ्या कॉलला बदक आलं नसतं, फार तर अँब्युलन्स आली असती.

आता तो दिवस. गेल्या वर्षी नोव्हेंबरअखेरचा, थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. सूर्योदयाला आकाश स्वच्छ होतं. कडाक्याची थंडी, कडेच्या पाण्यावर बर्फाची साय. आठच्या सुमारास चार मॅलार्ड आले, ती हिरव्या डोक्याची बदकं. जीननं एकावर नेम धरून बार टाकला. ते पडलं नाही. दुखावलेल्या पंखानं तिरकं तरंगत, पाण्यापलीकडच्या विलोंमध्ये उतरलं.

जीनचा चेहरा पडला. जखमी पक्षी मागे सोडायचा नाही, सापडेपर्यंत शोधायचा, हा दोघी बहिणींचा कायदा. एरवी हे काम पर्लचं, पण ती अकरा वर्षांची, सांधे धरलेले, एवढ्या लांब गार पाण्यात तिला पाठवण्यात अर्थ नव्हता. म्हणून जीन स्वतःच निघाली. बंदूक घेतली, ब्लाइंडखाली बांधलेली बोट सोडली, उन्हाळाभर घोटवलेला पाय हलत्या बोटीत नीट टाकला. मला अभिमान वाटला.

"धुकं आलं तर मिनिटामिनिटाला कॉल वाजव," ती म्हणाली. "मी आवाजाच्या अंगानं येईन."

"मला नीट येत नाही, जीन. तुम्हाला माहितीये."

"वाईट वाजव. मी काय बदक आहे, की मला फसवायचंय?"

मोटार सुरू करून ती गेली. तिचा फोन नेहमीप्रमाणे ट्रकमध्ये, आणि माझ्या फोनला तिथे सिग्नल नाही.

दहा मिनिटांत धुकं आलं. नेपरव्हिलचं धुकं मी पाहिलंय, ट्रेन लेट होते, बस. हे तसं नव्हतं. आधी विलो गेले, मग पाणी गेलं, मग अगदी समोरची प्लास्टिकची बदकं गेली. तापमान शून्याखाली, त्यामुळे धुकं फळीवर पांढरं गोठत होतं. मी कॉल तोंडाला लावला. पहिले दोन-तीनदा रेडकासारखा आवाज निघाला. मग काहीच नाही. माझी थुंकी आतल्या पातळ पट्टीवर गोठली होती. मी तो काखेत धरला, हीटरवर धरला, चोखला. ढिम्म.

मी हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. धुक्यात आवाज फूटभर अंतरावरच पडतोय असं वाटत होतं.

तेवढ्यात लांबून तीन बार ऐकू आले. एकापाठोपाठ एक, मोजून अंतर ठेवून. बंदुकीचे तीन बार म्हणजे मी अडचणीत आहे, मला शोधा. एवढं मला जीननं सांगितलेलं होतं. पण आवाज कुठून आला ते समजेना. डावीकडून वाटला, मग मागून वाटला.

तुम्हाला ती जागा माहीत नाही म्हणून सांगते. त्या बॅकवॉटरला दक्षिणेला एक तोंड आहे, तिथून पाणी मुख्य नदीत ओढलं जातं. नदीत मालाचे बार्ज, म्हणजे मोठे सपाट तराफे, एकमेकांना बांधून नेतात, एकेक ताफा फुटबॉलच्या मैदानापेक्षा लांब. त्यातल्या एकाचा भोंगा मला त्या धुक्यात ऐकू येत होता. मोटार बंद पडली असेल आणि बोट त्या तोंडाकडे वाहत असेल तर... बहात्तर वर्षांची बाई, नवा खुबा, गोठणारं पाणी. त्या पाण्यात माणूस किती मिनिटं टिकतं, ते मला माझ्या धंद्यामुळे चांगलंच ठाऊक होतं.

उत्तर द्यायचं तर एकच साधन होतं. रूथची बंदूक. फळीवर गोळ्यांचा डबाही होता. मी कव्हर काढलं. गोळी कुठून घालायची, कोणतं बटण दाबायचं, काही म्हणजे काही माहीत नाही. एक गोळी खालून ढकलून पाहिली, ती अडकली आणि परत बाहेर पडली. दुसरी पाण्यात गेली. 'मला दाखवूच नका' असं मीच ऐटीत सांगितलं होतं ना. माझं शील शाबूत राहावं म्हणून मी एका म्हाताऱ्या बाईची परतीची वाट बंद करून ठेवली होती. ते मला त्या क्षणी जसं लागलं तसं आयुष्यात काही लागलेलं नाही. मी बंदूक खाली ठेवली आणि रडले.

मग मी गप्प बसले. मोटारीचा आवाज येतोय का हे कळायला शांतता हवी, म्हणून. ओठांतल्या ओठांत 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणत होते. एवढा मात्र आवाज माझा होता, आणि तो शेजारी बसलेल्यालाही ऐकू गेला नसता.

आणि पर्ल उठली.

कान टवकारून उठली असती तर मला काही वाटलं नसतं. ती आरामात उठली, दुखऱ्या पायांनी आळोखेपिळोखे दिले, आणि बाकाच्या उजव्या टोकाला गेली. रिकाम्या जागेवर हनुवटी टेकवली. शेपटी खालच्या फळ्यांवर हळूहळू आपटायला लागली. थप... थप... थप. जीन घरी सोफ्यावर बसली की पर्ल तिच्या मांडीवर अशीच हनुवटी टेकवते, मी शंभरदा पाहिलंय. मी तिकडे बघत राहिले. तिथे कुणी नव्हतं. मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही, अंगावर गार वारा वगैरे आला नाही. कुत्री शेपटी हलवत होती, बस एवढंच. घड्याळात पाहिलं ते आठवतं, नऊला दहा कमी होते.

नऊ वाजून पाच मिनिटांनी धुक्यातून बोटीचं नाक दिसलं. मोटार बंद. जीन गुडघ्यांवर बसून वल्हं मारत होती. इकडे-तिकडे न भरकटता, दोरीनं ओढल्यासारखी थेट ब्लाइंडवर आली. चेहरा राखेसारखा, पँट मांडीपर्यंत ओली, आणि पायाशी ते मॅलार्ड. तिनं ते शोधलं होतं.

मी तिला ओढून वर घेतलं, ओले कपडे काढायला लावले, माझं जॅकेट घातलं, आल्याचा चहा पाजला. दात वाजायचे थांबल्यावर तिचं पहिलं वाक्य असं — "अखेर शिकलीस की. मी तुझ्या कॉलवर थेट आले."

माझ्या हातात तो गोठलेला कॉल होता.

मी म्हणाले, "थँक यू."

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलंस? बाई थंडीनं अर्धी गारठलेली, समोर जिवंत बसलेली. तिला काय सांगू, की मी काहीच केलं नाही, मी रडत बसले होते? शिवाय मी स्वतःला समजावलं, तिला भास झाला असणार. शरीराचं तापमान उतरलं की भास होतात, पुस्तकात लिहिलेलं आहे.

धुकं विरळ झाल्यावर मी वल्हं मारत आम्हाला काठाला आणलं. तिथे एक माणूस पिकअपमध्ये मासे पकडायच्या काठ्या भरत होता. ओळखदेख नाही. तो आपणहून म्हणाला, "मधल्या ब्लाइंडमधल्या तुम्हीच ना? सकाळी कॉलिंग झकास चाललं होतं. धुक्यात कुणाला दिसणार बदकं, पण तुम्ही थांबतच नव्हता."

मी विचारलं, किती वाजता? तो म्हणाला, नवाच्या आधी असेल, दहा-पंधरा मिनिटं.

या माणसाला तर थंडी बाधलेली नव्हती.

घरी येऊन मिलिंदला सांगितलं. तो सॉफ्टवेअरवाला, त्यानं लगेच बग शोधायला घेतला. दुसऱ्या कुणाचं ब्लाइंड? जीनच्या ओळखीनं मी साळसूदपणे चौकशी केली. तिथे शिकारीला जाताना नोंद करावी लागते, आणि त्या दिवशी त्या पाण्यावर आमच्याशिवाय कुणी ती केलेली नव्हती. कुणी न नोंदवता आलं असेल? असेल, पण मग तो पाव तास नेमका आमच्या दिशेनं, आमच्या अंतरावरून वाजवत होता आणि मला एकटीलाच ऐकू आला नाही. रेकॉर्डिंग? प्रतिध्वनी? कशाचा प्रतिध्वनी, मूळ आवाजच नव्हता. शेवटी मिलिंद म्हणाला, "यार, तूच वाजवला असशील. घाबरल्यावर माणसाला आठवत नाही." या एका शक्यतेवर मी दोन दिवस काढले. पण मला ती गोठलेली पट्टी आठवते, आणि समजा वाजलाच असता तरी माझ्या वाजवण्याला 'झकास' म्हणणारा माणूस या देशात नाही.

इकडे जीन खुशीत. सीनियर सेंटरमध्ये, चर्चमध्ये, पोस्टमनला, सगळ्यांना सांगत सुटली की माझ्या फिजिओनं मला कॉल वाजवून परत आणलं. लोक मला ग्रोसरीच्या दुकानात थांबवून कौतुक करायला लागले. पहिलं शील सांभाळता सांभाळता मी चौथ्यावर आपटले होते — खोटं बोलणार नाही, तेही आम्ही दर रविवारी म्हणतो. विहारात त्या ओळीला माझा आवाज निघेना.

आठवड्याभरानं जीननं जेवायला बोलावलं. ते मॅलार्ड भाजलं होतं. शेवटपर्यंत शोधून आणलेलं, त्यामुळे वाया घालवायचा प्रश्नच नव्हता. जेवणानंतर ती म्हणाली, "वाजव ना एकदा. तसं वाजव, त्या दिवशीसारखं."

मी कॉल काढला आणि वाजवला. रेडकू हंबरलं. पर्ल उठून दुसऱ्या खोलीत गेली.

जीन हसली, मग हसायची थांबली. मी म्हटलं, "जीन, ती मी नव्हते. माझा कॉल गोठला होता. मी बंदूकही भरू शकले नाही. मी नुसती बसले होते. मी तुमच्याशी खोटं बोलले, मला माफ करा."

तिनं समोरची बशी बाजूला सरकवली. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार. मग ती बोलायला लागली, आणि मला आधी माहीत नसलेलं सांगितलं.

मोटारीत पाणवेली अडकून ती बंद पडली. जीन ते मॅलार्ड काढायला उथळात उतरली होती, त्यात भिजली. तीन बार केले, कुठूनच उत्तर नाही. पाणी बोटीला दक्षिणेकडे ओढतंय हे तिला कळत होतं. "आणि मी वल्हं खाली ठेवलं," ती म्हणाली. "घाबरून नाही. मला वाटलं, ठीक आहे. जागा काही वाईट नाही. ब्रायनला घर विकायचा त्रास होईल तेवढाच."

मी तिचा हात धरला.

"मग कॉल ऐकू आला. पाच सूर. मी मनात म्हटलं, वैशालीला जमलं की. पण चौथा सूर घाईत. पुन्हा पाच, पुन्हा चौथा घाईत. ही रूथची खोड. चाळीस वर्षं मी तिच्यावर त्यावरून ओरडलेय, चौथ्याला घाई करू नकोस, बदकं बिचकतात. मला वाटलं, मी तिची नक्कल करते ती ऐकून ऐकून तू तिची चूक उचललीस. मला इतका राग आला, वैशाली. मी धुक्यात ओरडले, 'जरा सावकाश.' आणि बघते तर वल्हं माझ्या हातात. मी कधी उचललं मला माहीत नाही."

"आणि मग?"

"मग पुढच्या वेळी चौथा सूर सावकाश आला. एकदम बरोबर. तिथून ब्लाइंडपर्यंत, दर वेळी बरोबर."

आम्ही दोघी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. रूथचा कॉल तिच्यासोबतच पुरलेला आहे, हेही जीननं त्याच संध्याकाळी सांगितलं.

ख्रिसमसला ब्रायन आला. बोटीसाठी गिऱ्हाईकही ठरवून आला होता. जीननं त्याला दोन दिवस पाण्यावर नेलं, मीही होते. ब्रायनला धुक्यातलं काही सांगितलं नाही. परत येताना त्यानं गाडी चालवता चालवता विचारलं, मॉम, पुढच्या ऑक्टोबरला, सीझन सुरू होताना, मी सुट्टी टाकली तर चालेल का? बोट अजून जीनच्या गॅरेजमध्ये आहे. घरही आहे. जीन रोज दोन मैल चालते आणि खुब्याचे व्यायाम न सांगता करते.

मला तिनं बंदूक भरायला शिकवलं. मी कुरकुरले, तर म्हणाली, "आकाशात तीन बार करायला शीक. ती दर वेळी येईलच असं नाही." मी शिकले. आकाशाला काही इजा होत नाही, असं मी विहारातही सांगितलंय.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. मिलिंदकडे नाही. बाबांकडे असेल, पण त्यांना सांगायचा धीर मला अजून झालेला नाही. परवा बर्फ वितळल्यावर जीन अंगणात बोट धूत होती, मी पाइप धरून उभी होते. मी म्हटलं, जीन, एक गोष्ट मला राहून राहून खटकते. चाळीस वर्षांत रूथनं तुमचं एकदाही ऐकलं नाही. मग त्या दिवशी 'सावकाश' म्हटल्यावर तिनं कसं ऐकलं? म्हणजे ती रूथ नसेलच.

जीननं बोटीच्या तळावर ब्रश घासत थोडा विचार केला.

"असेलही," ती म्हणाली. "आता तिला घाई कसली?"